मोंढ्यातले भाव, सव्वा-साडे आणि छोटे छोटे पार्सर

मागच्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळी मामांचा फोन आला. मामांचं उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान आहे. हॅलो-बिलो काही नाही, सरळ सुरू, "अरे बाबा, सोयाबीन चाराण्याला क्विंटल झालंय का? कामून असं दाखवायलंय हे?" मी लॅपटॉप उघडून बघितलं तर खरंच, सोयाबीन, दर ०.२५, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं "सामुळे आज सौदे बंद". दोन मिनिटं डोकंच चालेना. मग मूळ मेसेज काढला, तो असा होता: "सोयाबीन पावसामुळे आज सौदे बंद". माझ्या प्रोग्रामनं "पावसामुळे" मधला "पाव" उचलला, त्याचे पंचवीस पैसे केले आणि उरलेलं "सामुळे" शेऱ्यात टाकून दिलं.

त्या एका चुकीवरून मला पार्सर (मजकूर वाचून त्यातले कामाचे तुकडे ओळखणारा प्रोग्राम) जोडायचं काम जेवढं समजलं तेवढं आधीच्या दोन वर्षांत समजलं नव्हतं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय. हास्केल (ही एक फंक्शनल प्रोग्रामिंग भाषा) येत नसेल तरी वाचा, कोड अगदी थोडा आहे, आणि मराठी आकडे तर आपल्या सगळ्यांनाच येतात.

आधी काम काय होतं ते सांगतो. मामांना रोज सकाळी लातूर, नांदेड, हिंगोली, वसमत, जालना असे पाच-सहा मोंढ्यातून व्हॉट्सॲपवर भाव येतात, कुणी आडत्या पाठवतो, कुणाचा मुनीम पाठवतो, आणि प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी. एकजण लिहितो "सोयाबीन ४३५०-४६००". दुसरा "तूर, कमीत कमी सात हजार, जास्तीत जास्त साडेसात". तिसरा आधी आवक लिहितो, मग दर, मग परत आवक. हळदवाले कांडी आणि गट्टूचा भाव वेगळा देतात. मामा हे सगळं वहीत उतरवून घ्यायचे, त्यांना पाहिजे होतं की हे आपोआप एका तक्त्यात यावं म्हणजे आठवडाभराचा भाव एका नजरेत दिसेल. मी म्हणलं, हे तर आपलं रोजचंच काम आहे, करून देतो.

पहिला प्रयत्न रेजेक्सनं केला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत, जे उचलायचं ते कंसात लिहायचं आणि कंसाच्या नंबरानं मागायचं). पंधरा दिवस चाललं. नंतर एकेक मेसेजसाठी एकेक तुकडा जोडत गेलो आणि रेजेक्सची खरी अडचण तिथं कळली, ते तुकडे एकमेकांना जोडण्यासाठी बनवलेलेच नाहीत. एकाच्या पुढं दुसरा चिकटवला की कंसांचे नंबर पुढं सरकतात, काल तिसऱ्या कंसात दर होता तो आज पाचव्यात जातो, आणि हे तुम्हाला कुणी सांगत नाही, तक्त्यात आवकेच्या जागी दर दिसायला लागला की मग कळतं. म्हणून सगळं टाकून हास्केलमध्ये पार्सर कॉम्बिनेटरनं नव्यानं लिहायला बसलो.

कॉम्बिनेटर म्हणजे काय ते एका ओळीत सांगायचं तर पार्सर हे एक फंक्शन आहे, त्याला मजकूर द्यायचा, ते सुरुवातीचा आपल्या कामाचा भाग खातं आणि दोन गोष्टी परत देतं, काय सापडलं आणि उरलेला मजकूर किती. बस. फंक्शनल भाषेत फंक्शन हे आकड्यासारखंच एक मूल्य असतं, ते व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं, लिस्टमध्ये टाकता येतं, दुसऱ्या फंक्शनला देता येतं, त्यामुळं दोन पार्सर घेऊन तिसरा पार्सर देणारं फंक्शन लिहिणं ही दोन-चार ओळींची गोष्ट होऊन जाते. "हे आणि मग ते" असा एक जोड, "हे किंवा ते" असा दुसरा जोड, "हे कितीही वेळा" असा तिसरा. बाकी सगळं या तिन्हीतूनच उभं राहतं.

ही कल्पना जुनी आहे. फिलिप वॅडलरनं १९८५ मध्ये एक सुंदर गोष्ट मांडली, की पार्सरनं एक उत्तर द्यायच्या ऐवजी उत्तरांची लिस्ट द्यावी, जमलं नाही तर लिस्ट रिकामी, एकाहून जास्त प्रकारे जमलं तर तेवढी उत्तरं. "किंवा" म्हणजे मग नुसत्या दोन लिस्ट एकापुढं एक जोडणं. नव्वदच्या दशकात ग्रॅहम हटन आणि एरिक मायर यांनी हेच मोनॅडच्या भाषेत (म्हणजे आधीचं उत्तर बघून पुढचं पाऊल ठरवणाऱ्या जोडाच्या रूपात) बसवलं आणि २००१ च्या सुमारास दान लेयेनचं पार्सेक आलं, हास्केलमधली पार्सरची तयार लायब्ररी, जे आजपण लोक वापरतात, मीपण त्याच्यापासूनच सुरुवात केली. पार्सेकनं एक गोष्ट मुद्दाम बदलली आणि माझे निम्मे घोळ त्या एका बदलाभोवती फिरतात, त्यावर पुढं येतोच.

आता आकड्यांकडं. मला आधी वाटलं होतं मालाची नावं अवघड जातील आणि आकडे सोपे. झालं उलटं.

मामांच्या वडलांना, म्हणजे आमच्या आजोबांना, पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ होतं, औट म्हणजे साडेतीन. वहीवर हिशोब न करता क्विंटलचे पैसे तोंडावर सांगायचे. मी लहानपणी ते ऐकलंय पण त्याचा माझ्या कामाशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पार्सर लिहायला बसलो, "साडेचार" समोर आला, आणि मी विचार करत बसलो की या "साडे" ची किंमत काय लिहायची? ०.५? मग "साडेचार" म्हणजे ०.५ आणि ४ ची बेरीज, ठीक. "सव्वा" म्हणजे ०.२५, ठीक. पण "पावणेपाच"? ते तर पाचातून पाव वजा. मग उणे ०.२५ लिहायचं का? लिहिलं, चाललं, पण मनाला पटेना. आणि मग लक्षात आलं की "साडे" ला स्वतःची किंमत नाहीच. कुणी "किती झाले?" विचारलं तर "साडे" असं उत्तर आपण देत नाही. साडे पुढच्या आकड्याची वाट बघतो, आकडा आला की त्यात अर्धा मिळवून देतो. म्हणजे फंक्शन. आपल्या भाषेत शेकडो वर्षांपासून पडलेलं फंक्शन.

आणि मग पुढचं सगळं अक्षरशः आपोआप झालं. हास्केलमध्ये <*> नावाचा एक जोड असतो, त्याच्या डाव्या बाजूला फंक्शन देणारा पार्सर आणि उजव्या बाजूला मूल्य देणारा पार्सर ठेवला की तो दोन्ही चालवतो आणि फंक्शन त्या मूल्यावर लावून देतो. मी कित्येक वर्षं हा जोड वापरलाय, पण त्याचं एवढं नैसर्गिक उदाहरण मला कुठंच भेटलं नव्हतं. (नावं इथं वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत लिहितोय, प्रोग्राममध्ये इंग्रजीत आहेत.)

उपसर्ग = सव्वा <|> साडे <|> पावणे
संख्या = (उपसर्ग <|> जसंच्यातसं) <*> अंक <**> (गुणक <|> जसंच्यातसं)

<|> म्हणजे "किंवा" चा जोड. "जसंच्यातसं" म्हणजे काहीच न खाता "आकडा आहे तसा ठेव" असं फंक्शन देणारा पार्सर, उपसर्ग नसेल तेव्हासाठी. <**> हा तोच जोड, फक्त फंक्शन उजवीकडून येतं, कारण शे, हजार, लाख हे आकड्याच्या मागून येतात आणि तेपण फंक्शनच आहेत, शंभरपट कर, हजारपट कर. दीड, अडीच, पाऊण मात्र फंक्शन नाहीत, त्यांना स्वतःची किंमत आहे, म्हणून ते "अंक" मध्ये गेले आणि दीडशे, अडीच हजार, पाऊणशे हे मला लिहावेच लागले नाहीत, फुकटात मिळाले. मोंढ्यात बेचाळीसशे, पंचेचाळीसशे असं बोलतात तेपण फुकटात, पंचेचाळीस हा अंक आणि शे हा गुणक. फक्त "सव्वा" जरा वेगळा निघाला, तो दोन्हीकडचा आहे, सव्वादोनशे मध्ये फंक्शन आणि सव्वाशे मध्ये सरळ सव्वा एक. त्याच्यासाठी एक ओळ जास्त, सव्वाच्या पुढं अंक नसला तर एक धर. साडेला असं चालत नाही, "साडेशे" कुणी म्हणत नाही आणि साडेएक, साडेदोन पण नाही, तिथं दीड आणि अडीच येऊन बसलेत.

हे जुळलं त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना बसवून दाखवलं. बायको म्हणली, छान आहे, जेवून घ्या.

तर आता "पावसामुळे" कडं परत. तुकडे सगळे बरोबर होते, हे महत्त्वाचं आहे. "पाव" ओळखणारा पार्सर बरोबर, शेरा ओळखणारा बरोबर, माल ओळखणारा बरोबर. प्रत्येकाची वेगळी टेस्ट लिहिलेली होती आणि सगळ्या पास होत्या. चूक सांध्यात होती. "पाव" नंतर शब्द संपलाय का हे बघायचं काम कुणाचं, हे ठरलेलंच नव्हतं. एकदा हे कळल्यावर मी मेसेज चाळले तर असे शब्द रांगेनं सापडले. "साठा कमी आहे" मध्ये साठ. "सातारा" मध्ये सात. "एकाहत्तर" मध्ये एक, आणि उरलेला मजकूर चक्क काना-मात्रेपासून सुरू होणारा. सगळ्यात वाईट "एकवीस": माझ्या लिस्टमध्ये एक आधी होता म्हणून तो एक उचलायचा, मग वीस उचलायचा, आणि मी "चार हजार दोनशे पन्नास" साठी तुकड्यांची बेरीज करत होतो त्यामुळं एक आणि वीस एकवीस, उत्तर बरोबर! एकतीस पण बरोबर. एकसष्टला अडकला तेव्हा कळलं की आधीची उत्तरं योगायोगानं बरोबर येत होती. बरोबर उत्तर देणारी चूक शोधायला मला तीन दिवस लागले.

मग मी घाईनं प्रत्येक अंकाच्या मागं "इथं शब्द संपला पाहिजे" अशी अट लावली. सातारा थांबला, साठा थांबला, आणि "सातशे" पण थांबला, कारण सातच्या मागं "शे" चिकटलेला. म्हणजे अट तुकड्यावर नाही, पूर्ण संख्येवर पाहिजे, गुणक येऊन गेल्यावर. तिथं लावली तर "पाच क्विंटल" अडकला आणि "५ क्विंटल" मात्र चालला. याचं कारण शोधताना खरी मजा आली. पार्सर लिहिणाऱ्यांचा एक सर्वसाधारण रिवाज आहे, प्रत्येक शब्द ओळखणाऱ्या पार्सरनं आपल्या मागची रिकामी जागा पण खाऊन टाकायची, पुढची कधीच खायची नाही, म्हणजे दोन पार्सर जोडताना मधल्या जागेचं काय हा प्रश्नच उरत नाही. मी तो पाळत होतो. पण "पाच" नं मागची जागा खाल्ली, मग गुणक शोधला, नाही सापडला, मग "शब्द संपला का" बघितलं तर समोर "क्विंटल" चा क उभा, म्हणे शब्द संपलाच नाही. जागा आधी खाल्ली आणि अट नंतर तपासली. क्रम उलटा करायचा होता: अंक, मग जमलं तर जागेसकट गुणक, मग शब्द संपल्याची अट, आणि सगळ्यात शेवटी रिकामी जागा. चार गोष्टी, आणि त्यांचा हा एकच क्रम चालतो. अंकांत लिहिलेल्या आकड्यांसाठी मी हे कधी शिकलो नसतो कारण तिथं ४५००च्या मागं काही चिकटत नाही.

आता पार्सेकनं केलेला तो बदल. वॅडलरच्या लिस्टवाल्या पद्धतीत "पाव किंवा पावणे" असं लिहिलं आणि मजकूर "पावणेपाच" असला तर दोन्ही उत्तरं लिस्टमध्ये येतात, पाव आणि उरलं "णेपाच", पावणे आणि उरलं "पाच", आणि पुढचा पार्सर पहिल्यावर अडकला तर दुसरं उत्तर जिवंत असतं. क्रमाची काळजीच नाही. पण त्यासाठी आधीचा मजकूर धरून ठेवावा लागतो, मोठ्या फाईलला मेमरी खात जाते, आणि चूक झाली तर नेमकी कुठं झाली ते सांगणं अवघड, कारण सगळ्या वाटा तपासून शेवटी हातात रिकामी लिस्ट. पार्सेकमध्ये <|> डावीकडची वाट आधी बघतो, आणि डावीकडच्यानं एक अक्षर जरी खाल्लं आणि मग तो पडला, तर उजवीकडं बघतच नाही. त्यामुळं मेमरी वाचते आणि चुकीची जागा नेमकी सांगता येते. परत मागं यायचंय असं सांगायला ट्राय नावाचा कॉम्बिनेटर आहे, तो लावला की पडलेला पार्सर काहीच न खाल्ल्यासारखा परत येतो.

सुरुवातीला मी ट्राय सगळीकडं लावला. प्रत्येक ओळीला, प्रत्येक मोंढ्याला. प्रोग्राम चालला पण चुका सांगणं बंद झालं, कुठंही अडकला तरी म्हणे ओळीच्या सुरुवातीला अडकलो, कारण प्रत्येक ट्राय गुपचूप मागं नेऊन सोडायचा. आता माझं मत असं झालंय की ट्राय लावायचा तो अगदी छोट्या तुकड्याला, जिथपर्यंत खरंच दोन वाटा सारख्या दिसतात तिथपर्यंतच. "सोयाबीन" ओळखला आणि पुढं दर दिसला की आता मागं जायचं नाही, इथं दर चुकलाय असं ठामपणे सांगायचं. आणि ट्राय लावला तरी क्रम सुटत नाही हे पण लक्षात घ्या. पाव आधी ठेवला आणि तो जमला, की पुढं संख्या अडकल्यावर पार्सेक परत येऊन पावणे बघणार नाही. म्हणून लांब शब्द आधी, आखूड नंतर. मी आता शब्दांची यादी हातानं लावतच नाही, प्रोग्रामलाच लांबीनं उलटी लावायला सांगतो आणि मग सगळ्यांना <|> नं जोडतो.

इथं एक गोष्ट मला फार आवडते. <|> मध्ये कंस कुठं टाकला यानं फरक पडत नाही, फक्त क्रमानं पडतो, आणि "कधीच न जमणारा" एक रिकामा पार्सर असतो जो कुणालाही जोडला तरी काही बदलत नाही. म्हणजे पार्सरची कितीही मोठी लिस्ट घ्या, रिकामी लिस्टसुद्धा, तिला दुमडून एक पार्सर करता येतो. त्यामुळं प्रत्येक मोंढ्याचं एक मॉड्यूल (म्हणजे वेगळी फाईल), प्रत्येक मॉड्यूलमधून ओळींच्या पार्सरची एक लिस्ट बाहेर, आणि मुख्य फाईलमध्ये फक्त या लिस्ट एकापुढं एक. हिंगोलीचा नवा माणूस वेगळ्याच तऱ्हेनं हळदीचे भाव पाठवायला लागला तेव्हा मी एक नवी फाईल लिहिली, मुख्य फाईलमध्ये एक नाव वाढवलं, लातूरच्या फाईलला हातपण लावला नाही. फक्त एकदा चुकलो, "काहीही समजलं नाही तर ओळ जशीच्या तशी ठेव" हा जो शेवटचा पार्सर आहे त्याच्या मागं हळद जोडली गेली. तो तर सगळंच खातो. दोन दिवस हळद तक्त्यात आलीच नाही, आणि एरर पण नाही, कारण प्रोग्रामच्या मते सगळं समजलं होतं. आता तो पार्सर कुठल्याच लिस्टमध्ये नाही, सगळं जोडून झाल्यावर शेवटी वेगळा लावतो.

देवनागरीचं पण सांगायलाच पाहिजे, कारण हे मला कुणी सांगितलं असतं तर एक आठवडा वाचला असता. पार्सेकमधला "अक्षर" ओळखणारा पार्सर फक्त युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला नंबर देणाऱ्या यादीच्या) हिशोबानं जे अक्षर आहे तेच घेतो, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे त्याच्या हिशोबात अक्षर नाहीत, चिन्हं आहेत. "एक किंवा जास्त अक्षरं" असं सांगून "सोयाबीन" दिलं तर हातात येतो फक्त "स". "तूर" चा "त". अक्षर किंवा चिन्ह असं दोन्ही मिळून आपला वेगळा पार्सर लिहावा लागतो. अंक ओळखणारा पार्सर पण फक्त इंग्रजी अंक घेतो, ४५५० त्याला अंक वाटतच नाही, तिथं देवनागरी शून्य युनिकोडमध्ये २४०६ वर आहे आणि नऊ २४१५ वर, म्हणून २४०६ वजा करून घ्यायचं. शेतकऱ्यांचा "ऱ्या" दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला एकसारखा आणि आतून वेगळा, "ॲ" पण तसाच, म्हणून पार्सर सुरू व्हायच्या आधीच सगळा मजकूर एका चाळणीतून काढून एकसारखा करून घेतो. हे पार्सरच्या आत करायला गेलो असतो तर प्रत्येक तुकड्यात परत परत करावं लागलं असतं.

आणि एरर मेसेज. पहिल्यांदा आलेली एरर अशी होती की ओळ १, कॉलम ९, अनपेक्षित "\२३६०" (इंग्रजी अंकांत). २३६० म्हणजे काय? म्हणजे "स". हास्केल मजकूर दाखवताना देवनागरी अक्षराच्या जागी त्याचा नंबर दाखवतो. आणि कॉलम ९ म्हणजे सुद्धा डोळ्याला दिसणारं नववं अक्षर नाही, "सोयाबीन" आपल्याला चार अक्षरांचा दिसतो पण आत सात खुणा आहेत. मामांना असं काही दाखवून उपयोग नव्हता. मग <?> वापरायला लागलो, त्यानं पार्सरला नाव देता येतं, आणि एरर स्वतः बनवून छापायला लागलो. आता येतं: "सोयाबीनच्या पुढं दर पाहिजे होता, 'सौदे' सापडलं". मामा हे वाचून स्वतःच सांगतात की अरे, बाजार बंद होता त्या दिवशी, त्यासाठी वेगळी ओळ कर. म्हणजे मामाच आता मला व्याकरण सांगायलेत.

एक अडचण मात्र वेगळ्या जातीची होती. मुनीम आवक अशी लिहितात: "(४० कट्टे + १२ कट्टे) × ६० किलो". कंसाच्या आत परत पूर्ण हिशोब येऊ शकतो. पहिली गोष्ट, "हिशोब म्हणजे हिशोब अधिक हिशोब" असं सरळ लिहिलं तर प्रोग्राम काही न खाता स्वतःलाच बोलवत राहतो आणि कायमचा अडकतो. त्याला पार्सेकमध्ये तयार उपाय आहे, आधी एक तुकडा घे आणि मग "चिन्ह आणि तुकडा" कितीही वेळा, आणि डावीकडून जोडत ये. ते जमलं. पण कंसाचा पार्सर एका फाईलमध्ये, कट्टे-किलोचा दुसऱ्या, बेरीज-गुणाकाराचा तिसऱ्या, आणि कंसाला पूर्ण हिशोब पाहिजे, पूर्ण हिशोबाला कंस पाहिजे. दोन फाईली एकमेकांना बोलवायला लागल्या की हास्केल लगेच अडवतं. सगळं एका फाईलमध्ये कोंबायचं मला जिवावर आलं, कारण उद्या पोत्याचं वजन, परवा टक्के, असं वाढतच जाणार.

उपाय असा निघाला की कुठल्याच तुकड्यानं पूर्ण हिशोबाला नावानं हाक मारायची नाही. प्रत्येक तुकडा हा पार्सर नाही, पार्सर घेऊन पार्सर देणारं फंक्शन: "मला पूर्ण हिशोबाचा पार्सर द्या, मी तुम्हाला कंसाचा पार्सर देतो". कंसाच्या फाईलला माहीतच नाही की पूर्ण हिशोबात काय काय आहे.

कंस पूर्ण = उघडा *> पूर्ण <* बंद
पूर्ण = जोडणी [कंस पूर्ण, वजन, आकडा]

दुसऱ्या ओळीत "पूर्ण" दोन्ही बाजूला आहे, स्वतःच्याच व्याख्येत, आणि हास्केल आळशी असल्यामुळं हे चालतं, गरज पडेपर्यंत ते आत बघत नाही. गोधडी शिवताना आतले तुकडे आधी सैल टाक्यानं जोडून ठेवतात आणि कडेची शिलाई शेवटी घालतात, आमच्या आजीला तसं करताना मी बघितलंय, इथं तसंच आहे, सगळे तुकडे सैल ठेवायचे आणि गाठ मुख्य फाईलमध्ये एकदाच मारायची. नवा तुकडा आला की लिस्टमध्ये एक नाव वाढतं. माझ्या मते मॉड्यूलर पार्सरमधली सगळ्यात कामाची युक्ती हीच आहे आणि तरी शिकवताना लोक ती सगळ्यात शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत.

आता सध्या ज्याच्यावर अडकलोय ते सांगतो. "चार-साडेचार हजार". इथं हजार दोघांचा आहे, चार रुपये ते साडेचार हजार असा अर्थ कुणी घेत नाही, पण माझी संख्या आधी "चार" वर बंद होत होती. ते सुटलं, कारण हजार हे फंक्शनच होतं, आधी दोन्ही अंक घ्यायचे, मग गुणक, आणि तो दोघांनाही लावायचा, संख्येची फाईल बदलावी लागली नाही, वरून एक नवा जोड आला. "कमीत कमी सात हजार, जास्तीत जास्त साडेसात" मध्ये हजार पुढच्याला पण लागतो, तिथं मात्र पहिल्या दरात काय आलं ते बघून पुढचा पार्सर ठरवावा लागतो, त्याला <*> पुरत नाही, >>= लागतो, म्हणजे मोनॅड. मी शक्य तिथं <*> वरच राहतो, काय काय येणार ते आधीच ठरलेलं असलं की वाचायला सोपं जातं, पण माणसं बोलताना मागचं धरून बोलतात आणि तिथं इलाज नाही.

पण "चारेक हजार"? शब्द ओळखणं सोपं आहे, अंकाच्या मागं "एक" चिकटलेला, तेपण फंक्शन. पण ते फंक्शन काय करतं? चारचं काय बनवतं? मी मामांना विचारलं, मामा, तुम्ही वहीत चारेक हजार कसं लिहायचा, ३९०० ते ४१०० असं काही धरायचा का. मामा म्हणले, "नाही रे, चारेक म्हणजे चारच लिहायचं. पण पुढं बारीक टिंब द्यायचं. सांगणाऱ्यानं स्वतः भाव बघितलेला नाही, ऐकून सांगायलाय, एवढं आपल्याला ध्यानात राहावं म्हणून." म्हणजे माझ्या संख्येच्या पार्सरनं नुसता आकडा देऊन भागणार नाही, आकडा आणि ते टिंब, दोन्ही द्यावं लागेल, आणि सव्वा, साडे, हजार सगळ्यांमधून ते टिंब न पुसता पुढं न्यावं लागेल. दोन दिवस झाले, संख्येची फाईल उघडूनच बसलोय.